विश्लेषण : जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलावी का? पैसे कुठे वाचतात आणि डेटा कुठे हरवतो?

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतील छोटे कारखाने, पश्चिमेला आरटीओ आणि तहसील कार्यालयाच्या आसपासची झेरॉक्स-डीटीपीची दुकाने, गृहनिर्माण सोसायट्यांची कार्यालये, सीएंच्या पेढ्या आणि असंख्य घरे. या सगळीकडे आठ-दहा-बारा वर्षांचे डेस्कटॉप अजून रोज सुरू होतात. सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, टॅली उघडायला दोन मिनिटे लागतात, एवढीच तक्रार असते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित सुरक्षा आधार संपला आणि ‘नवीनच घ्या’ हा सल्ला सर्रास मिळू लागला. पण बऱ्याच जुन्या संगणकांमध्ये खरा अडसर एकाच सुट्या भागाचा असतो. तो भाग म्हणजे हार्ड डिस्क. ती कधी बदलावी, कोणती घ्यावी, बदलताना डेटा कसा सांभाळावा आणि हा खर्च कधी करूच नये, याचा हा आढावा.

जुना संगणक संथ का होतो?

हार्ड डिस्क हे यंत्र आहे. आत चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून बारीक हेड सरकत डेटा वाचते. डेस्कटॉपमधील बहुतेक डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारतात. म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो डेटा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते आणि हेड योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकूण हिशेब केला तर विखुरलेल्या फाइली वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला शंभरही कामे उरकू शकत नाही.

प्रोसेसर आणि रॅम गेल्या वीस वर्षांत कितीतरी पटींनी वेगवान झाले, पण तबकडीच्या फिरण्याचा वेग तोच राहिला. दुसरीकडे, आजची ऑपरेटिंग सिस्टीम, अँटिव्हायरस आणि ब्राउझर हे एकाच वेळी हजारो छोट्या फाइली मागतात. त्यामुळे प्रोसेसर रिकामा बसतो आणि डिस्कपाशी रांग लागते.

एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. डेटा चिपमध्ये साठतो आणि कुठलाही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो. म्हणूनच जुन्या डेस्कटॉपला एसएसडी लावल्यावर जो फरक दिसतो, तो प्रोसेसर बदलूनही बहुधा दिसत नाही.

दोष डिस्कचाच आहे, हे कसे ओळखावे?

पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटांची तपासणी पुरते. संगणक सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. नेहमीचे काम करताना त्यातील ‘डिस्क’चा रकाना सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल आणि ‘सीपीयू’ मात्र तीस-चाळीस टक्क्यांवर असेल, तर अडसर डिस्कचा आहे. ‘मेमरी’ कायम नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर आधी रॅम वाढवायला हवी. चार जीबी रॅमवर आजचा ब्राउझर नीट चालत नाही. आठ जीबी ही किमान पातळी धरावी. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरते, त्यामुळे दोन्ही आकडे एकदमच फुगलेले दिसतात. अशा वेळी दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

दुसरी तपासणी डिस्कच्या तब्येतीची. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. त्याला ‘स्मार्ट’ नोंदी म्हणतात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखा मोफत प्रोग्राम त्या उघडून दाखवतो. त्यात तीन ओळींकडे लक्ष द्यावे : बदललेले सेक्टर, प्रलंबित सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. यातील आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत असेल, तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. मग प्रश्न वेगाचा राहत नाही, डेटा वाचवण्याचा होतो.

डिस्कमधून ‘टक-टक’ असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करावा. पुन:पुन्हा सुरू करून पाहण्याने हेड तबकडीला घासते आणि जो डेटा तज्ज्ञांना काढता आला असता तोही जातो.

अंधेरीचा आणि डिस्कचा जुना संबंध कोणता?

अंधेरी पूर्वेचे सीप्झ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभे राहिले. आज ते सॉफ्टवेअर आणि हिऱ्यांच्या दागिन्यांसाठी ओळखले जाते. पण १९८० च्या दशकात तेथील टंडन समूहाच्या कारखान्यांत संगणकाच्या डिस्क ड्राइव्हशी संबंधित भाग आणि जोडणीचे काम निर्यातीसाठी होत असे. सिरजंग लाल ऊर्फ ‘जुगी’ टंडन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत टंडन कॉर्पोरेशन काढले. डेटा वाचणारी चुंबकीय हेड बनवण्यापासून या कंपनीची सुरुवात झाली. हे काम अतिशय बारीक हातांचे असल्याने त्याचे उत्पादन भारतात होई. १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीत टंडनचे फ्लॉपी ड्राइव्ह होते. १९८८ मध्ये कंपनीचा हार्ड डिस्क व्यवसाय वेस्टर्न डिजिटलने विकत घेतला.

पुढे या धंद्यात एकेक कंपनी दुसरीत विलीन होत गेली. आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच मोठ्या कंपन्या उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. उत्पादन मोजक्या देशांत एकवटल्याने किंमतही चटकन हलते. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. त्याची झळ लॅमिंग्टन रोडवरच्या गिऱ्हाइकालाही बसली.

जुन्या मदरबोर्डला नवी डिस्क चालेल का?

बहुतेक वेळा चालते. पण ‘जुना’ म्हणजे किती जुना, हे आधी पाहावे लागते.

२००३ नंतर ‘साटा’ पद्धतीची बारीक केबल आली. तिच्या तीन पिढ्या आहेत. त्यांचा वेग सेकंदाला अंदाजे १५०, ३०० आणि ६०० एमबी असा वाढत गेला. चांगली गोष्ट ही की या पिढ्या एकमेकींशी जुळतात. आजची एसएसडी २००८ च्या बोर्डलाही लागते, फक्त ती बोर्डच्या वेगाने चालते. तरीही फायदा मोठा असतो, कारण खरा फरक सलग वेगाचा नसून फाइल शोधायला लागणाऱ्या वेळेचा असतो.

त्याआधीच्या संगणकांत चपट्या, रुंद केबलचे ‘आयडीई’ जोड असतात. त्यांच्यासाठी नवी डिस्क बाजारात जवळपास मिळत नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण अशा संगणकावर पैसे घालण्याऐवजी त्यातील डेटा काढून घेणेच शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा आकाराचा. डेस्कटॉपची हार्ड डिस्क साडेतीन इंची, तर साटा एसएसडी अडीच इंची असते. कॅबिनेटमध्ये ती बसवायला लहानसा ब्रॅकेट लागतो. पानासारख्या दिसणाऱ्या, थेट बोर्डवर बसणाऱ्या ‘एम डॉट टू’ एसएसडी जुन्या बोर्डांवर बसत नाहीत. कार्ड लावून बसवल्या तरी त्यावरून विंडोज सुरू होईलच असे नाही. त्यामुळे जुन्या डेस्कटॉपसाठी ‘अडीच इंची साटा’ हेच शब्द दुकानदाराला सांगावेत.

तिसरा मुद्दा क्षमतेचा. साधारण २०१२ च्या आधीच्या बऱ्याच बोर्डांवर जुने बायोस असते. जुन्या पद्धतीच्या विभागणीत दोन टीबीच्या आसपासची मर्यादा असल्याने अशा संगणकावर चार टीबीची डिस्क विंडोज सुरू करण्यासाठी पूर्ण वापरता येत नाही. दुसरी डिस्क म्हणून, फक्त साठवणीला, ती चालते.

चौथा मुद्दा जोडांचा. बोर्डवर साटाची जागा शिल्लक नसेल तर कोणी न वापरणाऱ्या डीव्हीडी रायटरची केबल काढून ती नव्या डिस्कला लावता येते. जुन्या एसएमपीएसला साटाचा वीजजोड नसेल तर चार पिनांच्या जुन्या जोडाला लावायचा कन्व्हर्टर मिळतो. मात्र एसएमपीएसच दहा वर्षांचा असेल, पंखा घरघरत असेल, तर तो बदलणे हा डिस्कचा विमा समजावा. बिघडलेला एसएमपीएस नवी डिस्कही जाळू शकतो.

नेमके काय घ्यावे?

बहुतेक घरांना आणि छोट्या कार्यालयांना दोन डिस्कची जोडी सर्वांत सोयीची ठरते. विंडोज आणि प्रोग्रामसाठी एसएसडी. फोटो, व्हिडीओ आणि जुन्या फाइलींसाठी हार्ड डिस्क. जुनी हार्ड डिस्क निरोगी असेल तर ती साठवणीसाठी तशीच ठेवता येते. डिस्क संथ असली म्हणजे ती निकामी झाली असे नव्हे.

एसएसडी किमान अडीचशे जीबीची घ्यावी. टॅली, ऑफिस आणि थोडे फोटो असतील तर पाचशे जीबीची. विकत घेतलेल्या डिस्कवर लिहिलेला आकडा आणि विंडोजमध्ये दिसणारा आकडा वेगळा असतो, त्यात फसवणूक नसते. कंपन्या एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. म्हणून एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते आणि पाचशेची ४६५.

‘एसएसडी लवकर झिजते’ ही भीतीही तपासून पाहावी. एसएसडीवर किती डेटा लिहिता येईल याची हमी कंपनी देते. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या ८७० ईव्हो या पाचशे जीबीच्या एसएसडीला पाच वर्षे किंवा ३०० टीबी लेखन अशी हमी आहे. रोज वीस जीबी लिहिले तरी वर्षाला सुमारे ७.३ टीबी होतात. त्या हिशेबाने ३०० टीबी संपायला चाळीस वर्षे लागतील. त्याआधी बाकीचा संगणक भंगारात गेलेला असेल. मात्र एसएसडी कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देण्याचे साधन नव्हे. वीज न मिळता बराच काळ पडून राहिली तर चिपमधील डेटा क्षीण होऊ शकतो. लग्नाचे फोटो एसएसडीत भरून लॉकरमध्ये ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

साठवणीसाठी नवी हार्ड डिस्क घेणार असाल तर तिची नोंदपद्धत विचारावी. काही स्वस्त डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर रचलेले असतात. अशी डिस्क फाइली ठेवायला ठीक, पण त्यावर सतत बदल करायचे असतील तर ती कंटाळा आणते.

खरेदी कुठे आणि काय तपासून?

अंधेरीहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडले की लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला होते. आता त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. संगणकाच्या सुट्या भागांसाठी मुंबईकरांचा हा हक्काचा बाजार. एसएसडी, ब्रॅकेट, केबल, कन्व्हर्टर आणि बोर्डवरचा तीन व्होल्टचा गोल सेल, हे सगळे एका फेरीत मिळते. तो सेल विसरू नये. तो संपला की संगणकाची तारीख मागे जाते आणि बँकेसारख्या सुरक्षित वेबसाइट उघडेनाशा होतात.

खरेदीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जीएसटीचे पक्के बिल. हमी त्यावरच मिळते. दुसरी, खोक्यावरचा आणि डिस्कवरचा क्रमांक एकच आहे का आणि कंपनीच्या वेबसाइटवर तो घातल्यावर हमीची तारीख दिसते का. तिसरी, घरी जोडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘किती तास चालली’ हा आकडा. नव्या डिस्कचा आकडा शून्याच्या जवळ हवा. काही हजार तास दिसले तर ती वापरलेली आहे. हा धोका केवळ गल्लीतल्या बाजारात नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. तेथे डिस्कमधील नेहमीची तासांची नोंदही पुसलेली होती. म्हणून आकड्याइतकाच विक्रेता आणि हमी यांनाही अर्थ आहे.

डिस्क बदलताना मराठी फाइलींचे काय होते?

हा मुद्दा इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही आणि नुकसान मात्र इथेच होते.

लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायटीची सूचनापत्रे, वकिलांचे मसुदे, पाठ्यपुस्तके असे मराठीतले पंचवीस-तीस वर्षांचे काम जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झालेले आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही त्यातील मोठी नावे. या फाइलींत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेले नसते; एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागी त्याचे चित्र बसवलेले असते. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसते. नव्या डिस्कवर नवे विंडोज टाकले, फाइली आणल्या पण फॉन्ट आणले नाहीत, की पानभर चिन्हांचा कचरा उरतो.

पेजमेकरचेही तसेच. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ मधली. ज्या दुकानात पेजमेकरच्या शेकडो फाइली आहेत, तेथे नवे विंडोज टाकून तो प्रोग्राम पुन्हा बसेलच याची खात्री नसते. काही जुन्या सॉफ्टवेअरना ‘लॉक’ म्हणजे डोंगल लागते. ते कधी यूएसबीला, तर कधी प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावलेले असते. डोंगल हरवले तर प्रोग्राम असून नसल्यासारखा.

अशा संगणकावर ‘फॉरमॅट मारून नवे टाकू’ हा तंत्रज्ञाचा सल्ला आधी थांबवावा. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करून घ्यावी. विंडोजमधील फॉन्टचा पूर्ण फोल्डर वेगळा जतन करावा. ज्या फाइली महत्त्वाच्या आहेत त्या आज उघडत असतानाच पीडीएफ करून ठेवाव्यात आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. संगणक विंडोज एक्सपीवर असेल तर आणखी एक काळजी. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे. तो संगणक इंटरनेटपासून तोडूनच वापरावा. क्लोन केल्यावर बायोसमधील डिस्कची पद्धत बदलू नये. ‘आयडीई’ असेल तर तीच ठेवावी, नाही तर निळा पडदा येतो.

हिशेबाच्या डेटाचा प्रश्न कायद्याशी जोडलेला आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. ‘डिस्क उडाली’ हे उत्तर तिथे चालत नाही. टॅली वापरणाऱ्यांनी डेटाचा फोल्डर कोणत्या जागी आहे हे टॅलीतच पाहून घ्यावे, त्याचा बॅकअप घ्यावा आणि नवे विंडोज टाकायचे असेल तर परवाना आधी ‘सरेंडर’ करावा. मग नव्या डिस्कवर तो पुन्हा सुरू करणे सोपे जाते.

बदलण्याची पद्धत काय?

पहिले पाऊल बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर महत्त्वाच्या फाइली कॉपी कराव्यात. त्यातील दोन-चार दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात : डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातील एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर असू शकते किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर.

दुसरे पाऊल निवडीचे : क्लोन की नवी मांडणी? सगळे प्रोग्राम जसेच्या तसे हवे असतील तर क्लोन. संगणक वर्षानुवर्षांच्या कचऱ्याने भरला असेल आणि प्रोग्रामच्या सीडी व परवाने हाताशी असतील तर नवी मांडणी चांगली. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. केवळ डिस्क बदलल्याने तो जात नाही.

क्लोनसाठी ‘क्लोनझिला’ हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असावी लागते. जुनी एक टीबीची हार्ड डिस्क पाचशे जीबीच्या एसएसडीवर आणायची तर आधी अनावश्यक डेटा बाहेर काढून विभाग लहान करावे लागतात. एसएसडी बनवणाऱ्या अनेक कंपन्या स्वतःचा क्लोन प्रोग्राम मोफत देतात. नवख्यांना तो सोपा पडतो. सर्वांत मोठी चूक इथेच होते : ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल. तसे झाले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि काही मिनिटांत सगळे पुसले जाते. म्हणून दोन्ही डिस्कचे नाव, क्षमता आणि क्रमांक कागदावर लिहून मगच ‘हो’ म्हणावे.

क्लोनला दोन-तीन तास लागू शकतात. संगणक यूपीएसवर असावा. मुंबईत वीज क्वचित जाते, पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिडच्या बिघाडाने जवळपास सगळी मुंबई अंधारात गेली होती, हे विसरता येत नाही.

तिसरे पाऊल जोडणीचे. संगणक बंद करून प्लग काढावा. पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. जुनी डिस्क काढण्याआधी केबलचा फोटो घ्यावा. नवी डिस्क स्क्रूने घट्ट बसवावी. साटाचा जोड ‘एल’ आकाराचा असतो. जोर लावायची वेळ आली तर तो उलटा लागतोय. बोर्डवर वेगवेगळ्या वेगाची साटा पोर्ट असतील तर एसएसडी सर्वांत वेगवान पोर्टला लावावी. पहिल्यांदा सुरू करताना फक्त नवी डिस्क जोडावी. सगळे ठीक चालले की मग जुनी जोडावी.

नवी मांडणी करणाऱ्यांनी विंडोज टाकण्यापूर्वी बायोसमध्ये साटाची पद्धत ‘एएचसीआय’ ठेवावी. एसएसडी लागल्यावर जुने ‘डीफ्रॅग’ प्रोग्राम काढून टाकावेत. हार्ड डिस्कला ते उपयोगी होते. एसएसडीला त्याने वेग मिळत नाही, लेखन मात्र वाया जाते.

जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नये. कुठला तरी फोल्डर राहिला, हे हटकून तिसऱ्या आठवड्यात कळते.

पावसाळ्याचा डिस्कशी काय संबंध?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उपनगरांतील सखल भागांत तळमजल्याच्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरले. अंधेरी सबवे आजही दर पावसाळ्यात बातमीत असतो. सीपीयूचे कॅबिनेट बहुतेक ठिकाणी टेबलाखाली, थेट लादीवर असते. पाणी शिरले की सर्वांत आधी तेच भिजते. ते फूट-दीड फूट वर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

बहुतेक हार्ड डिस्क पूर्ण बंद नसतात. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून त्यांना बारीक छिद्र असते आणि त्यातून पाणी आत जाऊ शकते. भिजलेली डिस्क वाळवून सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. तांदळाच्या डब्यात ठेवणे, हेअर ड्रायर मारणे याने वाळलेला गाळ तबकडीवर घट्ट बसतो. डेटा मोलाचा असेल तर डिस्क न उघडता, वीज न देता डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्यावी. हे काम धूळमुक्त खोलीत होते आणि महाग असते. बॅकअपची डिस्क त्या तुलनेत फारच स्वस्त पडते.

डिस्क बदलली म्हणजे संगणक नवा झाला का?

नाही. एसएसडी वेग देते, सुरक्षितता देत नाही. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. एसएसडी लावल्याने ही अट पूर्ण होत नाही. विंडोज १० वर राहणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ७ चा आधार तर १४ जानेवारी २०२० रोजीच संपला.

ज्यांचे काम ब्राउझर, ईमेल आणि लेखन एवढेच आहे, त्यांना लिनक्स हा पर्याय आहे. लिनक्स मिंट जुन्या संगणकावर बरे चालते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांना आधार देते. टॅली आणि डीटीपीवर ज्यांचे पोट आहे, त्यांना मात्र हा बदल सोपा नाही. त्यांनी जुना संगणक नेटपासून तोडून जुन्या फाइलींसाठी ठेवावा आणि बँक, जीएसटी, ईमेल यांसाठी वेगळे यंत्र वापरावे.

काढलेल्या जुन्या डिस्कचे काय करावे?

भंगारवाल्याला तशीच देऊ नये. ‘डिलीट’ किंवा ‘क्विक फॉरमॅट’ने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. त्यात आधार-पॅनच्या प्रती, बँकेची विवरणे, भाडेकरार, मुलांचे फोटो असतात. चालू हार्ड डिस्क असेल तर विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, त्यात सगळीकडे शून्ये लिहिली जातात. एसएसडीसाठी कंपनीच्या प्रोग्राममधील ‘सिक्युअर इरेज’ वापरावे. बंद पडलेल्या हार्ड डिस्कच्या तबकड्यांना ड्रिलने दोन-तीन भोके पाडणे हा साधा उपाय.

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. सोसायटीने वर्षातून एकदा सगळ्या घरांचा ई-कचरा एकत्र करून नोंदणीकृत संस्थेला दिला तर प्रत्येकाची धावपळ वाचते.

मग निर्णय कसा घ्यावा?

साटा बोर्ड, दोन किंवा अधिक गाभ्यांचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम शक्य आणि एसएमपीएस धड, एवढे जमत असेल तर एसएसडी लावणे फायद्याचे. आणखी दोन-तीन वर्षे त्या संगणकातून निघतात आणि पुढे नवा संगणक घेतला तरी तीच एसएसडी त्यात किंवा बाहेरच्या खोक्यात वापरता येते. बोर्ड, रॅम, एसएमपीएस असे सगळेच बदलावे लागत असेल, तर तो खर्च नव्या संगणकात घालावा.

पण स्मार्ट नोंदींत प्रलंबित सेक्टर दिसू लागले असतील, तर या हिशेबाला थांबू नये. संगणक ठेवायचा की टाकायचा हे पुढच्या महिन्यात ठरवले तरी चालेल. डेटाची दुसरी प्रत मात्र आजच करावी लागते.